गल लेकची बर्फावरची मासेमारी: पाचपैकी पाच

जानेवारीत मिनेसोटात असाल तर ब्रेनर्डला जाच. तिथले जेसीज, म्हणजे तरुणांची स्वयंसेवी संघटना, १९९१ पासून गोठलेल्या गल लेकवर ही स्पर्धा भरवतात. स्वयंसेवक बर्फाला हजारो भोकं आधीच पाडून ठेवतात. आपण फक्त गळ, आमिष आणि बसायला बादली न्यायची. दुपारी १२ ते ३, एवढाच वेळ. वॉलाय, पाइक, पर्च, जे लागेल ते वजनाला धावत न्यायचं! माझ्या लेकीला पर्च लागला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनीही टाळ्या वाजवल्या.

स्पर्धेच्या मिळकतीतला मोठा वाटा कॉन्फिडन्स लर्निंग सेंटरला जातो. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी ते शिबिरं घेतात. मला तिकीट महाग वाटत नाही ते यामुळेच.

तळ्याची काळजी मात्र आपणही घ्यायची. इथे २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले, बाहेरून आलेले आणि तळ्याला घातक. एकदा शिरले की ते हटत नाहीत. काठावरच्या रहिवाशांची संघटना पाण्यासाठी मनापासून राबते. उरलेलं आमिष कचऱ्यातच टाका, निघण्यापूर्वी आमिषाच्या डब्यातलं पाणी काढून टाका. राज्याचा नियमच आहे तो.

लोकरीचे मोजे दोन जोड घाला. थर्मासमध्ये आल्याचा चहा हवाच.