म्हापशातला पायथन क्लास, शिकवणं एक नंबर

क्लास छोटासाच आहे पण सर एकदम मनापासून शिकवतात. मला सेन्सरचा बायनरी डेटा आधीच बनवलेल्या 4096 बाइटच्या बफरमध्ये (डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागेत) पहिले 512 बाइट सोडून पुढे भरायचा होता, तर सरांनी बोर्डवर चौकोन काढून दाखवलं की बाइटअॅरेचा (म्हणजे त्या बफरचा) साधा स्लाइस, म्हणजे तुकडा, रीडइन्टूला (डेटा वाचून बफरमध्ये भरणाऱ्या फंक्शनला) दिला की डेटा कॉपीत जातो, मूळ बफर जसाच्या तसा आणि एररसुद्धा येत नाही! आधी मेमरीव्ह्यू (कॉपी न करता मूळ बफरच दाखवणारी खिडकी) घ्यायचा, मग त्याचा स्लाइस द्यायचा, की डेटा थेट जागेवर. किती बाइट वाचले तो आकडा परत मिळतो, कमीही असू शकतो, म्हणून तो बघायचाच. इतकं सुटसुटीत मला कुणीच सांगितलं नव्हतं. फॅन जरा कमी पडतात. शुक्रवारची बॅच मात्र घेऊ नका, बाजारामुळे स्कूटर लावायलाही जागा मिळत नाही.