यूलिया डोम्नाचा देनारियस: केसांसाठी तरी घ्याच
देनारियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं. याचं वजन ३.१ ग्रॅम, रुंदी जेमतेम १८ मिलिमीटर. पण तेवढ्याशा जागेत केशरचना काय कोरलीय! कपाळापासून मानेपर्यंत एकामागून एक लाटा आणि मागे भरघोस अंबाडा. भिंगाखाली बट न् बट वेगळी दिसते. कडेची ‘यूलिया ऑगुस्टा’ ही अक्षरं पूर्ण वाचता येतात. तिच्या नाण्यांवर असा मजकूर इ.स. १९६ ते २११ मध्ये असे, म्हणजे नाणं त्याच काळातलं.

यूलिया ही सीरियातल्या एमेसाच्या पुजाऱ्याची मुलगी, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको. तिच्या धाकट्या मुलाला, गेटाला, थोरल्या मुलाच्या, काराकालाच्या, माणसांनी तिच्या कुशीतच मारलं. चेहरा बघताना ते आठवतंच.

मागची बाजू मात्र झिजलेली. वेदीपुढची पिएटास (भक्ती आणि कर्तव्याची रोमन देवी) ओळखू येते, पण ठसा सरकल्यामुळे शेवटची अक्षरं कडेबाहेर गेलीत. सेव्हेरसच्या काळात नाण्यातली चांदी निम्म्याच्या आसपास घसरली होती, तेव्हा झळाळीची अपेक्षा नको. राखाडी छटा आहे तशीच राहू द्या, पॉलिश अजिबात करू नका. विक्रेत्याने वजन आणि दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आधीच पाठवले होते, हे मला फार आवडलं. तिची नाणी भरपूर पाडली गेली, त्यामुळे थोडं थांबलात तर याहून चांगली मागची बाजूही मिळेल.