क्रीट बेटावर पायी दहा दिवस: आठ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं ग्रीसच्या क्रीट बेटावर चाललो. परतल्याबरोबर लिहिलं असतं तर सगळं सामारियाच्या दरीबद्दलच लिहिलं असतं. आता आधी आठवते ती झाक्रोसची घळ.

सामारिया भव्य आहेच. ओमालोस पठाराच्या कडेला सुमारे 1,230 मीटरवरून निघायचं आणि 16 किलोमीटर चालून थेट समुद्राला भिडायचं. एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून जेमतेम चार मीटरवर येतात. पण सगळी उतरण आहे. सह्याद्रीतल्या चढांवर दम टिकतो म्हणून गाफील राहू नका, इथे गुडघे बोलतात. काठ्या न्याच. शेवटच्या आयिया रुमेली गावाला गाडीरस्ता नाही, बोटीनेच निघायचं. त्यामुळे पाय चालतात आणि डोळे घड्याळावर.

झाक्रोसला ती घाई नव्हती. घळीच्या तळाशी कण्हेर, वर कपारींतल्या गुहा. मिनोअन, म्हणजे कांस्ययुगात या बेटावर नांदलेले लोक, तिथे आपले मृत ठेवत, म्हणून नाव 'मृतांची घळ'. चालत बाहेर आलं की समोर त्यांच्याच राजवाड्याचे अवशेष आणि पलीकडे समुद्र. जिथे राहिले, जिथे निजले, ते अंतर आपण स्वतःच्या पायांनी मोजतो. क्नोसोसच्या प्रसिद्ध मिनोअन राजवाड्यात, उत्खनन करणाऱ्या आर्थर एव्हान्सने काँक्रीटने उभारलेल्या खांबांसमोर, मला असं काही झालं नाही.

लसिथी पठारावरून दिक्तीच्या गुहेत मात्र नक्की जा. पोटची पोरं गिळणाऱ्या क्रोनोसपासून त्याची बायको रेआ हिने बाळ झ्यूसला, पुढे ग्रीक देवांचा राजा झालेल्याला, इथे लपवलं म्हणतात. बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून कुरेतेस नावाचे राखणदार योद्धे ढाली बडवत. (झ्यूसला आमच्याकडेच लपवलं, असा क्रीटमधल्याच इदा पर्वतावरच्या गुहेचाही दावा आहेच.) कंस आणि गोकुळ ऐकत वाढलेल्या माणसाला त्या ओल्या अंधारात उतरताना ही गोष्ट परकी वाटत नाही.

सामान गावोगाव पोचवणाऱ्या कंपनीने बॅगा वेळेवर आणल्या, पण त्यांची वाटेची टिपणं जुनी होती. एका नव्या कुंपणापाशी दोन तास गेले. कळवलं, उत्तर नाही. ई-4 या युरोपभर जाणाऱ्या लांब पायवाटेच्या पिवळ्या-काळ्या खुणाही मध्येच गायब होतात. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

शाकाहारींची आबाळ होत नाही. जवाच्या कडक पावावर टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला 'दाकोस' आम्ही रोज खाल्ला.

बुटांचे तळ मात्र तिथल्या धारदार चुनखडीने खाल्ले. या पावसाळ्याआधी बदलावे लागतील.