कोबेत बोट लागली तर: मेरिकेन पार्क की भूकंप संग्रहालय?

17 जानेवारी 1995, पहाटे 5:46. जपानचं कोबे शहर भूकंपाने हादरलं, एकूण 6,434 माणसं गेली. क्रूझवरून उतरणाऱ्याच्या हातात जेमतेम एक दिवस असतो आणि भूकंपाच्या खुणा बघायला जागा दोन.

मेरिकेन पार्क बंदराला लागूनच, लाल पोर्ट टॉवरच्या पायथ्याशी. तिथे भूकंपात मोडलेल्या, बोटी लागायच्या धक्क्याचा साधारण 60 मीटरचा तुकडा होता तसाच ठेवलाय. काँक्रीट फाटून पाण्यात झुकलेलं, दिव्यांचे खांब तिरके, आणि भेगांमधून समुद्र आत-बाहेर करतोय. तिकीट नाही, दार नाही. पोरं शेजारी स्केटबोर्ड खेळत असतात. अर्धा तास पुरतो. खरं तर त्याहून जास्त वेळ तिथे करण्यासारखं फारसं नाही.

2002 साली उघडलेलं संग्रहालय मात्र शहराच्या पूर्वेला आहे. शहराच्या मध्यवर्ती सान्नोमिया स्टेशनहून लोकल धरून नाडा स्टेशन, मग दहा-बारा मिनिटं पायपीट. तिकीट काढावं लागतं. आधी अंधाऱ्या थिएटरात कोसळणारे रस्ते आणि आगी अंगावर येतात (लहान मुलं किंवा हळवी माणसं सोबत असतील तर हा भाग टाळलेला बरा), मग पुन्हा उभं राहिलेल्या शहराची गोष्ट. भूकंप भोगलेले स्वयंसेवक स्वतः बोलतात, ते सगळ्यात मोलाचं. दोन-अडीच तास सहज जातात.

माझं मत संग्रहालयाकडे, पण सोमवारी ते बहुधा बंद असतं. बोट सोमवारी लागत असेल किंवा दुपारीच सुटणार असेल, तर सरळ मेरिकेन पार्कचा धक्का गाठा.