खेचरांची जंताची पेस्ट : खानापूरच्या वीटभट्टीवरनं रिव्ह्यू (४ स्टार)

आयव्हरमेक्टिन आणि प्रॅझिक्वांटेल ही जंतांवरची दोन औषधं एकत्र असलेली, घोड्यांना देतात ती सिरिंजमधली पेस्ट. आम्ही खेचरांना देतो. खानापूर साईडला भट्ट्या पावसाळा सरल्यावर पेटतात, तोवर जनावरं रिकामी, मलप्रभेच्या काठाला नाहीतर माळावर सोडलेली, आणि जंत पोटात जातात ते तिथंच. लीदेतल्या अंड्यांना ओल आणि ऊब मिळाली की आठवडा-दीड आठवड्यात अळ्या गवताच्या पात्यावर चढतात आणि जनावर तेच गवत ओरबाडतं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय, सांगायलाच नको. म्हणून दसरा-दिवाळीच्या आसपास, पाठीवर विटा चढायच्या आधी डोस.

पेस्ट कामाची हाय, पहिलंच सांगतो. गोळी कुटून भरड्यात कालवली तर खेचर हुंगतं आणि मान फिरवतं, मग अर्धा डोस गव्हाणीत आणि आपण समजायचं दिला म्हणून. पेस्टमध्ये ती भानगड नाही. तोंडात चारा-दाणा काही नको, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतनं नळी आत घालायची, जिभेच्या मुळावर दाबायची आणि गिळेपर्यंत हनुवटी वर धरायची. आमच्यातलं एक जुनं खेचर पेस्ट गालात धरतं, आपण पाठ केली की थुंकतं, लई बेरकी. थुंकलेली उचलून पुरून टाका, भट्टीवरची कुत्री चाटतात आणि काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन बाधतं.

डोसनंतर लीद काठीनं फोडून बघितली तर पेराएवढ्या जाड, लालसर-तपकिरी अळ्या पडलेल्या. ह्या बॉट माशीच्या. ह्याच माशीची पिवळी बारीक अंडी पुढच्या पायाच्या केसांना चिकटलेली असतात, जनावर चाटतं आणि ती तोंडात जातात. पण लीदेत काय दिसलं नाही म्हणून औषध फेल असं नसतं, खरा त्रास देणारे बारीक जंत डोळ्याला सहसा दिसतच नाहीत.

आता एक स्टार का कापला. सिरिंजवरचे आकडे घोड्याच्या वजनाचे, आणि फिरवायची रिंग इतकी ढिली की दाबताना सरकते आणि भलताच डोस जातो. माहितीचा कागद सगळा इंग्लिशमध्ये, मुंगीएवढी अक्षरं. भट्टीवर तो कोण वाचणार?

वजन अंदाजानं धरू नका. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासनं पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरात, भागिले ११,८७७. सूत्र घोड्याचं हाय, पण खेचराला अंदाज येतो. घेर १४० आणि लांबी १३५ असली तर २२३ किलोच्या आसपास. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम लागतं, कमी पडलं तर तगडे जंत वाचतात आणि पुढं त्यांचीच पिलावळ वाढते. फेनबेंडाझोल ह्या जंतांवरच्या दुसऱ्या औषधाचं जगभर तेच झालंय, आतड्यातल्या बारीक जंतांवर बऱ्याच ठिकाणी ते चालेना झालंय. मोठ्या सिरिंजमध्ये आमच्या दोन-तीन खेचरांचं भागतं, फक्त एकाच्या तोंडातनं काढलेली नळी पुसूनच दुसऱ्याला लावा.

एका मेडिकलवाल्यानं गाईबैलांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन पुढं केलं, 'औषध तेच की, स्वस्तात पडतंय.' घेऊ नका. घोड्या-खेचरांना टोचल्या जागी सूज येते, कधीकधी जीवावर बेततं.

आणि सरसकट सगळ्यांना दर महिन्याला डोस देणं हा वेडेपणा, औषधवाल्यांचा धंदा होतो एवढंच. ताजी लीद पिशवीत बांधून थंड ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या. तिथं जंतांची अंडी मोजतात. लीदेच्या ग्रॅमला २०० अंड्यांच्या खाली असलं तर धडधाकट मोठ्या जनावराला बहुतेक वेळा डोसची गरज नसते, ५०० च्या वर असलं तर ते जनावर चरायच्या जागेत अंडी पेरत फिरायलंय. डोस दिल्यावर १४ दिवसांनी परत तपासा, मगच कळतं पेस्ट लागू पडली का नाही. खेचर मुकाट सोसतं, पोट दुखत असलं तरी घोड्यासारखं लोळून दाखवेल असं नाही. चारा टाकलेला, केस रखरखीत, पोट सुटून फासळ्या वर आल्या असं दिसलं तर पेस्टची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.