काळी 28 इंची का वाकड्या हँडलची रेसिंग: जुनी सायकल उभी करायची तर कोणती?

भाच्याच्या गोठ्यात दोन सायकली पडून आहेत. एक त्याच्या आजोबांची काळी 28 इंची, कुटाराच्या ढिगामागे उभी, अन दुसरी त्याने मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचलून आणलेली, वाकडे हँडल, बारीक टायर, दहा गेअर. पैसे एकीपुरतेच आहेत. मामा, कोणती करू? मी दोन्ही प्रकारच्या उभ्या केल्या आहेत, बाबांची काळी 4 वर्षांआधी अन रेसिंग मागच्या उन्हाळ्यात, अन दोन्ही अजून चालवतो, म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे नीट लिहितो, कारण गावोगावी अशा सायकली पडून आहेत अन लोक रंगापासून सुरुवात करतात अन तिथेच पैसे संपवतात.

रंग नाही, आधी टायर पाहा.

काळ्या सायकलचा टायर 28 बाय दीड, रिमचे माप 635 मिलिमीटर. हा टायर आर्वीत भेटते, पुलगावात भेटते, बाजाराच्या दिवशी एखाद्या मोठ्या गावातही भेटून जाते. जुन्या रेसिंगचा बहुतेक वेळा 27 बाय सव्वा, रिम 630. अन आजकालच्या रेसिंगचा 700सी, रिम 622. आता 635, 630, 622 हे आकडे इतके जवळ आहेत की दुकानदार म्हणते बसते जी, ओढून बसवून देतो. नाही बसत. 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे एक तर टायर चढतच नाही नाहीतर हवा भरली की रिमवरून उतरून जाते. त्यात आणखी एक घोळ, 622 च्या टायरलाही कुठे कुठे 28 इंची म्हणतात, मी तसाच ऑनलाइन मागवून बसलो होतो अन परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले. टायरच्या बाजूवर 32-630 किंवा 40-635 असे बारीक अक्षरात छापलेले असते, पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. तो दुसरा आकडा जुळला तरच पैसे द्यायचे.

27 सव्वाचा टायर आपल्या भागात मला दुकानात एकदाही भेटला नाही. म्हणून रेसिंग उभी करायची म्हटले की चाकांचा खर्च आलाच. जुनी चाके काढून 700सी ची ॲल्युमिनियमची चाके टाकायची. रिम 8 मिलिमीटरने लहान होते म्हणजे ब्रेकची गुटके 4 मिलिमीटर खाली सरकवावी लागतात. जुन्या साइडपुल ब्रेकमध्ये तेवढी जागा बहुतेक असते, पण चाके घेण्याआधी पट्टी लावून मोजा, नंतर नाही. हा बदल ज्याला नको, सगळे जसेच्या तसे ओरिजिनल पाहिजे, त्याने 630 चे टायर दोन जोड्या शहरातून मागवून घरी ठेवावे. मला ते पटत नाही, कारण जुन्या क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही म्हणा, गुटका ओल्या क्रोमवरून नुसता घसरते. ॲल्युमिनियमवर धरते. आषाढात ट्रकच्या मागे सायकल चालवणाऱ्याला हा फरक लहान नाही.

काळीलाही लोखंडी रिमच असते अन दांड्यांचे ब्रेक, गुटके रिमच्या आतल्या बाजूने वर दाबले जातात, तिथेही पाऊस पडला की तेच. पण तिच्यावर आपण ताशी 20-22 च्या वर जातच नाही, अन हँडल इतके उंच असते की समोरचे बैल, पोट्टे, खड्डे सगळे आधीच दिसते.

आता काळीचे काम. हिच्यात भिती नाही. इंग्रजांच्या रोडस्टरचे, म्हणजे अशाच जड साध्या सायकलचे, जे माप होते तेच आपल्याकडे राहिले, कोणाच्याही नावाची असो, कॉटर (पायडलचा क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी खीळ), एक्सल, छर्रे, फ्रायव्हील (मागच्या चाकाची दातांची चकती) सगळे एकमेकांचे चालते. ॲटलस 1951 मध्ये सोनीपतला सुरू झाली, हीरो सायकल्स 1956 मध्ये लुधियानाला, सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला होता. ॲटलसचा साहिबाबादचा मोठा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, मला त्या दिवशी खूप वाईट वाटले होते, बाबांची ॲटलसच आहे. पण कारखाना बंद झाला म्हणून पार्ट बंद झाले नाहीत, कारण माप एकच आहे. हीच काळीची खरी ताकद.

वेळ लागते तो कॉटर काढायला. वीस वर्षे गंजलेला कॉटर हातोड्याने सरळ ठोकला तर त्याचे आटे फुगतात अन मग तो ड्रिलनेच निघते. नट अर्धा सैल करून कॉटरच्या टोकाबरोबर आणायचा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरायचा, म्हणजे मार छर्ऱ्यांवर जात नाही, अन मग एकच जोराचा घाव. दहा हळू हळू मारण्यापेक्षा एक जोराचा बरा. नवीन कॉटर बसवताना एक वरून तर दुसरा खालून जाते, दोन्ही एकाच बाजूने टाकले तर पायडल एका रेषेत येत नाहीत, चालवताना एक पाय लंगडतो. अन उजवीकडचा बीबीचा, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या नळीत फिरते तिचा, कप उलट्या आट्याचा असते, डाव्या पायडलसारखा. तो सुलटा समजून जोर लावू नका. आमच्याकडचा मिस्त्री म्हणे, "उलट्या आट्याले सरळ माणूस नाही पुरत, थांबून पाहा लागते." छर्रे नवीन टाका, पन्नास रुपयांची गोष्ट आहे, जुने डिझेलमध्ये धुवून परत टाकायचा मोह होते, नका टाकू.

रंग मी दिला नाही. चेनकव्हरवर बाबांनी पेंटरकडून नाव टाकून घेतले होते, अर्धे पुसले आहे, तसेच ठेवले. गंज काढायला लहान पार्ट निंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवले, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतले अन लगेच पुसून तेल लावले, नाहीतर तासाभरात परत लाल होते. क्रोमला चांदीचा कागद (ॲल्युमिनियम फॉइल) पाण्यात भिजवून घासायचा, क्रोम निघत नाही, गंज निघते. टायर, ट्यूब, चेन, फ्रायव्हील, शीट, कॉटर, गुटके, मिस्त्रीची मजुरी, सगळे मिळून माझे 3,200 रुपये लागले. दोन रविवार.

रेसिंगला माझे 10,500 लागले अन तीन महिने. अन त्यातला एक महिना फक्त हँडलचा दांडा काढण्यात गेला.

रेसिंग विकत घ्यायच्या आधी चार गोष्टी पाहायच्याच. हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या अन खालच्या दांडीच्या पोटाखालून बोट फिरवा, लाट लागली, रंगाला सुरकुती दिसली तर ती समोरून कुठेतरी धडकली आहे, सोडून द्या. मग दोरी. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेतून दोरी बांधून समोरच्या नळीवरून फिरवून दुसऱ्या खाचेला ताणून बांधायची अन शीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे. सारखे आले तर फ्रेम सरळ. एक-दोन मिलिमीटर चालते. तिसरे, शीटचा दांडा हलते का. चौथे, हँडलचा दांडा हलते का. रेसिंगमध्ये हे बरेचदा ॲल्युमिनियमचे असतात अन फ्रेम लोखंडाची, दोन धातू घाम-पाण्यात वर्षानुवर्षे एकत्र राहिले की आतून खार धरून एकजीव होतात, वेल्डिंग केल्यासारखे. भंगारवाला हलवून दाखवत नसेल तर भाव अर्धा करा. हँडलसाठी वरचा बोल्ट दोन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून ठोकायचे म्हणजे खालची पाचर सुटते, मग डब्लूडी-40 (गंज सोडवायचा स्प्रे) मारत रोज सकाळ-संध्याकाळ, समोरचे चाक पायात धरून, हळूहळू डावी-उजवी. माझे सव्विसाव्या दिवशी सुटले. घाई केली असती तर नळी पिळली गेली असती अन सायकल तिथेच संपली असती.

दांडीवर रेनॉल्ड्स 531 चे स्टिकर दिसले तर मात्र खर्चाचा हिशोब करू नका, ती 1935 मध्ये आलेली हलकी नळी आहे, तसली फ्रेम आपल्याकडे परत हाती लागायची नाही. माझी साध्या लोखंडाची आहे तरी अख्खी सायकल काळीपेक्षा सात-आठ किलो हलकी भरली.

मागच्या खाचांमधले अंतरही मोजून घ्या. पाच चकत्यांच्या फ्रायव्हीलच्या काळात ते 120 मिलिमीटर होते, सहा-सातला 126, नंतर 130. 126 वाल्या फ्रेममध्ये आट्याचे सहा-सात चकत्यांचे फ्रायव्हील बसते, शिमानोचे 14 ते 28 दातांचे आजही विकत भेटते, तेच टाका. गेअरचे जुने दांडे, खालच्या दांडीवरचे, टिकटिक नसलेले, ते ठेवा. त्यात बिघडण्यासारखे काही नाही, हाताला अंदाज आला की संपले. इटलीत टस्कनीत 1997 पासून एरोइका नावाची जुन्या सायकलींची राइड होते, तिथे नियमच आहे की सायकल 1987 आधीची पाहिजे, गेअरचे दांडे खालच्या दांडीवर पाहिजे अन ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून मोकळ्या. अन ती राइड कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून जाते, म्हणजे बारीक टायर कच्च्यावर चालतच नाही असे जे म्हणतात ते खरे नाही. पण तिथली मुरमाड माती वेगळी अन आपली काळी कापसाची माती वेगळी, हेही तितकेच खरे.

चालवायचे म्हटले तर दातांचा हिशोब करून पाहा. माझ्या काळीला समोर 48 दात, मागे 18, चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे एका पायडलमध्ये 6 मीटर. मिनिटाला साठ पायडल मारले तर ताशी 21-22. सपाट रस्त्यावर ठीक, पण समोरून वारा असला किंवा मागे ढेपेचे पोते असले की उतरून ढकला. रेसिंगला समोर 52 अन 42, मागे 14 ते 28. सगळ्यात जड गेअर एका पायडलला 8 मीटर जाते, सगळ्यात हलका सव्वातीन. या हलक्या गेअरसाठीच मी रेसिंगवर इतका खर्च केला. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, वर सुमारे 1100 मीटरची उंची, तो काळीवर बसून चढायचा विचारही नको, रेसिंगवर मी चार ठिकाणी थांबलो पण ढकलली नाही. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची राइड, असते ना, साडेतेरा तासांत पूर्ण करायची, ती जुन्या लोखंडी रेसिंगवर आरामात होते, 32 चा टायर टाका फक्त, 23-25 च्या नादी लागू नका, आपल्या डांबराला ते झेपत नाही.

अन पांदण? पांदणीवर रेसिंग नेऊच नका. कापूस वेचायच्या दिवसांत धुऱ्यावर सराटे पसरलेले असतात, त्यात बाभळीचे काटे, माझ्या बारीक टायरला एका फेरीत तीन पंक्चर झाले. काळीच्या जाड टायरमधूनही काटा जाते, नाही असे नाही, पण ते पंक्चर गावातला कोणीही पोरगा दहा मिनिटांत काढून देते. पावसाळ्यात तर माती ब्रेक अन टायरच्या मधल्या फटीत अशी बसते की रेसिंगचे चाक फिरतच नाही, खांद्यावर घेऊन घरी आलो आहे. काळीला मडगार्ड अन टायरमध्ये दोन बोटे जागा असते, काडीने माती काढली की परत चालली. वावरात डबा न्यायचा, दुधाची कॅन लटकवायची, पोराला दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, हे सगळे कॅरिअर अन स्टँडवाल्या काळीचे काम आहे. अन घरातली बारकी पोरे मधून पाय घालून कैची शिकतात तीही हिच्यावरच.

मग नवीनच का घेऊ नये, दहा-बारा हजारात शॉकअपवाली गेअरची येते? घ्या, पण त्या भावातले शॉकअप वजनच वाढवतात अन दोन वर्षांत ढिले होतात, एवढे पाहून घ्या. ज्याला हाताने काम करायची आवड नाही त्याला मात्र तीच बरी, तिथे माझा वाद नाही.

रोजचे जाणे-येणे 10 किलोमीटरच्या आत असेल, त्यात कच्चा रस्ता असेल, जवळचा मिस्त्री एकच असेल, तर काळी. दुसरे काही पाहू नका. रविवारी पहाटे निघून आर्वी-पुलगाव, सेवाग्राम-पवनार असे डांबर मारायचे असेल, नागपूरला बीआरएम करायची हौस असेल, अन तुमच्याकडे हत्यारे अन सबुरी दोन्ही असेल तर रेसिंग. मे महिन्यात दोन्हीही सकाळी नऊच्या आत घरी आणा, 45 डिग्रीत सायकलचे काही होत नाही, माणसाचे होते.

भाच्याचे कॉलेज घरून 7 किलोमीटर, त्यात दोन पांदणीचे. त्याला म्हटले आजोबांची आधी कर, ती दिवाळीपर्यंत रस्त्यावर येते अन बसचे भाडे वाचते. त्याचे तोंड उतरले, कारण मन वाकड्या हँडलवरच आहे, मला कळते. म्हणून रेसिंग विकू नको म्हणालो, फक्त आज रात्रीपासून शीटच्या अन हँडलच्या दांड्यात तेल सोडत राहा, त्याला पैसे लागत नाहीत. दोरी अन पट्टी घेऊन मी पोळ्याला येतो, फ्रेम सरळ निघाली तर चाकांचे अर्धे पैसे माझे.