‘अभिज्ञ’ तीन लिप्यांत: बेळगावातील एका पाटीवाल्यांच्या दुकानाविषयी

बेळगावच्या खडेबाजार भागात रबरी शिक्के, घराच्या पाट्या आणि निमंत्रणपत्रिका करून देणारे एक लहानसे दुकान आहे. आपले नाव कोठे छापू नये असे मालकांनी सांगितल्यामुळे ते येथे देत नाही, पण सीमाभागात ज्यांच्या घरी नुकतेच बाळ आले आहे आणि ज्यांनी बाळासाठी फारसे कानावर न पडलेले नाव निवडले आहे, त्यांनी जन्मदाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी अशा दुकानाची एक फेरी करावी, असे मला मनापासून वाटते.

माझ्या भावाला मुलगा झाला तेव्हा नाव ठेवण्याचा मान आत्या म्हणून माझ्याकडे आला आणि मी बाळाच्या कानात ‘अभिज्ञ’ असे सांगितले. अभिज्ञ म्हणजे जाणता, नेमके ओळखणारा. ओळखीच्या खुणेला आपण ‘अभिज्ञान’ म्हणतो, त्याच धातूतला हा शब्द. नाव घरातल्यांना आवडले, परंतु बारशाला जमलेल्यांपैकी काहींनी ‘अभिजित’ ऐकले, तर काहींनी ‘अभिज्ञा’ ऐकून हे मुलीचे नाव मुलाला कसे, असे विचारले. ‘अभिज्ञा’ नावाची मुलगी आपल्याकडे अधूनमधून भेटते; ‘अभिज्ञ’ नावाचा मुलगा मात्र आमच्या नात्यात, गल्लीत किंवा मी शिकवते त्या वर्गांत मला आजवर भेटलेला नाही. पेढ्यांच्या खोक्यांवर लावायची लेबले आम्ही घाईत दुसऱ्या एका ठिकाणी छापून घेतली, तर त्यांवर ‘अभिग्य’ आले. पन्नास खोकी तशीच वाटली गेली आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

पाटी करण्यासाठी म्हणून या दुकानात गेले, तेव्हा मालक असलेल्या काकांनी अक्षरांचे नमुने दाखवण्याआधीच विचारले, “घरात हाक कशी मारता, ती आधी म्हणून दाखवा ताई, मग लिहूया.” मी दोनदा उच्चार करून दाखवल्यावर त्यांनी एका कागदावर तीन ओळी आखल्या: वरची मराठीची, मधली कन्नडची आणि खालची इंग्रजीची. हा कागद तपासून, त्यावर सही करून दिल्याशिवाय ते पाटीचे काम हातात घेत नाहीत. त्यांच्या दुकानाची खरी सेवा हीच आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहीत आहे.

पुढचा अर्धा तास मला फार मोलाचा वाटला. ‘ज्ञ’ हे अक्षर ज् आणि ञ यांच्या संयोगाने झालेले आहे. आपण मराठी माणसे त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतात आणि कन्नड भाषकांच्या तोंडी तो ‘ग्न्य’कडे झुकतो. उच्चार तीन असले तरी लेखन मात्र एकच आहे, कारण कन्नड लिपीतही ज लिहून त्याच्या पायाशी ञ चे जोडरूप, म्हणजे ओत्तक्षर, काढतात. म्हणून मराठी आणि कन्नड या दोन ओळींत वादाला जागाच नव्हती. प्रत्येक वाचणारा आपापल्या जिभेप्रमाणे तेच अक्षर वाचणार होता. अडचण होती ती फक्त तिसऱ्या ओळीची, कारण रोमन लिपीत अक्षर लिहिता येत नाही, उच्चारच लिहावा लागतो, आणि मग तो कोणाचा लिहायचा हे ठरवणे भाग पडते.

काकांनी पर्याय समोर मांडले. डी-एन-वाय ही ज्ञानेश्वर, ज्ञानदेव या नावांमुळे महाराष्ट्रात रुळलेली रीत आहे. जे-एन ही कर्नाटकातली सरकारी व शैक्षणिक रीत असून आमच्याच शहराजवळ मच्छे येथे असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या ‘ज्ञान संगम’ या परिसराचे नाव त्याच पद्धतीने लिहिलेले आहे. जी-एन आणि जी-वाय हीसुद्धा चालतात. भावाचे म्हणणे होते की मुलगा कर्नाटकात शिकणार, तेव्हा जे-एन असलेले बरे. माझे म्हणणे असे की कन्नड वाचणाऱ्यांसाठी कन्नड ओळ आहेच, तेव्हा रोमन ओळीने तरी घरातल्या हाकेशी प्रामाणिक राहावे. शेवटी डी-एन-वाय ठरले. काकांनी कोणाचीच बाजू घेतली नाही, परंतु जे काही ठरेल ते पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच ठेवा, असे मात्र बजावून सांगितले.

एक गाठ सुटली नाही, हेही नोंदवायला हवे. शेवटी एक ए लावला की ‘अभिज्ञ’ आणि ‘अभिज्ञा’ रोमन लिपीत हुबेहूब सारखे दिसतात, आणि तो काढून टाकला तर वाय वर संपणारा शब्द कोणाला वाचताच येत नाही. मराठीत ‘राम’ म्हणताना आपण शेवटचा अ गिळतो, पण ‘मित्र’, ‘यज्ञ’ यांसारख्या जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांत तो ऐकू येतो, म्हणून येथे एक ए ठेवणे उच्चाराला धरूनच आहे. तरीही केवळ इंग्रजी यादी वाचणारा आमच्या अभिज्ञला काही वेळा मुलगी समजणार, हे आम्ही जाणून स्वीकारले आहे.

या सगळ्याची एवढी निकड का, असे कोणी विचारील. कर्नाटकातला जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. त्यावर मराठी ओळ नसते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते आणि त्या वेळी नाव ठरलेले नसले तर ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क व पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदीत घालता येते. म्हणजे विचार करायला वेळ भरपूर आहे. एकदा नाव चढल्यानंतर मात्र चूक सिद्ध करून दुरुस्ती मागावी लागते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला पुरावा ठरल्यामुळे त्यावरचे एक चुकलेले ओत्तक्षर मुलाबरोबर आयुष्यभर चालत राहते. आम्ही काकांकडचा सही केलेला कागद अर्जासोबत खिडकीवर दाखवला. तिथल्या कर्मचारी बाईंनी तो पाहूनच कन्नड अक्षरे भरली आणि दाखला निर्दोष आला.

पाटीविषयी थोडक्यात सांगते. पितळेची, नऊ इंच रुंद, तीन ओळींची पाटी १,४५० रुपयांत झाली आणि तीन लिप्यांचा कागद वेगळा हवा असल्यास त्याचे १०० रुपये पडतात. मराठी अक्षर वळणदार आणि भरीव आहे. कन्नड ओळीतले ओत्तक्षर पहिल्या वेळी इतके बारीक कोरले गेले होते की हातभर अंतरावरूनही ते नुसत्या ठिपक्यासारखे दिसत होते. तक्रार केल्यावर त्यांनी नवी पाटी करून दिली आणि जादा पैसे घेतले नाहीत, पण त्यात आमचे बारा दिवस गेले. जागा अरुंद असून एका वेळी दोनच माणसे उभी राहू शकतात. फोनवर ते नाव घेत नाहीत, प्रत्यक्ष यावेच लागते, आणि खानापूर किंवा निपाणीहून येणाऱ्यांसाठी ही गैरसोय लहान नाही.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असते. सकाळी अकराच्या आत गेल्यास काका निवांत बोलतात. जाताना बाळाच्या आईवडिलांची नावे त्यांच्या आधार कार्डांवर इंग्रजीत जशी आहेत तशी लिहून न्यावीत, कारण ते त्या अक्षरांशीही ताळा करून पाहतात. आमच्या वहिनीच्या नावातला एक जास्तीचा एच त्यांनीच दाखवून दिला.